मांगा वाचत जपानी शिकताना: तुमचे अनुभव

जपानी शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, 'मांगा (जपानी चित्रकथा) वाचायला कधी घेऊ?' उत्तर मिळतं जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या हिशेबात (एन-5 सर्वांत सोपी पातळी, एन-1 सर्वांत अवघड): एन-4 होऊ दे, एन-3 होऊ दे. मला हे पटत नाही. जेएलपीटीच्या पातळीवरून तुम्हाला किती व्याकरण आणि किती कांजी (चिनी मुळाची अक्षरं) येतात ते कळतं. पानावर कोण, कुणाशी, कशाबद्दल बोलतंय ते कळत नाही आणि मांगा सोपा की अवघड हे ठरतं त्यावरच. घरातल्या गप्पांचा मांगा एन-4 वाल्याला झेपतो, तर दरबारी कारस्थानांचा एन-2 वाल्यालाही दमवतो.

म्हणून हा धागा. कुठल्या टप्प्यावर काय वाचलंत, काय अडलं, काय उमगलं ते लिहा. नुसती नावांची यादी नको. एखादा संवादाचा फुगा उलगडून दाखवलात तर नव्यांना जास्त उपयोग होईल.

सुरुवात मीच करते. पुण्यात मी जपानीचे वर्ग घेते. आमच्याकडे 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक चालतं. त्यात साधं रूप, म्हणजे 'देस-मास' हे नम्र शेवट नसलेलं बोलणं, विसाव्या धड्यात येतं. मांगातली माणसं मात्र पहिल्या फुग्यापासून तसंच बोलतात. त्यामुळे विसावा धडा होईपर्यंत मी मुलांच्या हातात मांगा देत नाही, उगाच हिरमोड होतो. एकोणतिसाव्या धड्यात 'तेशिमाउ' ('करून टाकणं' या अर्थाचं रूप) झालं की मात्र लगेच देते. का ते बघा. पुस्तकात असतं 'ताबेते शिमाइमाशिता' (खाऊन टाकलं), फुग्यात 'ताबेचात्ता'. पुस्तकात 'इकानाकेरेबा नारिमासेन' (जायलाच हवं), फुग्यात नुसतं 'इकानाक्या'. 'ओइते ओकु'चं (ठेवून देणं) होतं 'ओइतोकु'. त्यात 'वा' आणि 'ओ' हे प्रत्ययही सर्रास गाळलेले असतात. ही रूपं एका कागदावर लिहून तो कागद खूण म्हणून मांगात ठेवायचा. बहुतेकांची गाडी तिथेच अडते, शब्दांवर नाही.

नाशिक, एन-5 झाली, एन-4 ची तयारी

ताई, छान धागा. मी डोरेमॉन हिंदीत बघत वाढलो, त्यामुळे पहिला मांगा कुठला हा प्रश्नच नव्हता. गोष्टी आधीच माहीत असल्याचा फार फायदा होतो. नोबिताला शून्य मार्क मिळालेत आणि आई ओरडणार आहे हे चित्रातच दिसतं, मग आई नेमकं काय म्हणते एवढंच वाचायचं उरतं.

डोरेमॉन 1969 च्या अखेरीस शोगाकुकानच्या लहान मुलांच्या मासिकांतून सुरू झाला. ही मासिकं इयत्तेनुसार वेगवेगळी होती, आणि कोणत्या वयाचं मूल वाचणार ते धरून गोष्टी लिहिल्या जात. त्याच गोष्टींतून निवडून 45 खंड निघाले. म्हणून एकाच खंडात एखादी गोष्ट सरसर वाचून होते आणि पुढची घाम काढते. अडलेली सोडून पुढे गेलं तरी काही बिघडत नाही, गोष्टी सुट्या आणि छोट्या आहेत.

अजून एक गोष्ट नवशिक्यांनी बघून ठेवावी. शोगाकुकानच्या मांगांत फुग्यातल्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो. बऱ्याच इतर प्रकाशकांकडे तो नसतो, मग वाक्य कुठे संपलं हे आपणच ओळखायचं. सुरुवातीच्या काळात तो छोटासा गोल फार मोठा आधार वाटतो.

ठाणे, एन-4

मी 'योत्सुबातो' वाचते आहे. 2003 पासून चालू असलेला हा मांगा, पाच वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा. घर बदलणं, शेजारी, सायकल, पाऊस, असंच सगळं. कांजीच्या शेजारी फुरिगाना (उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं) आहेत, म्हणजे शब्दकोशात शब्द लगेच सापडतो.

पण 'लहान मुलांचं बोलणं म्हणजे सोपं' हा समज सोडून द्या. मांगात लहान मुलांच्या फुग्यांत बरेचदा कांजी नसतेच, सगळं हिरागानात (उच्चारानुसार लिहायच्या लिपीत) आणि मध्ये जागा न सोडता. मग शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. अशा वेळी मोठ्याने वाचावं, कानाला जोड लगेच सापडतो. फुग्याबाहेर हाताने लिहिलेलं पुटपुटणं असतं, त्यालाही फुरिगाना मिळत नाहीत. मी ते पहिल्या वाचनात सोडते.

जपानमध्ये 'तादोकु' नावाची वाचनपद्धत आहे. सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश बघू नका, कळत नाही ते गाळा, रमत नसाल तर दुसरं पुस्तक घ्या. मी ती अर्धी पाळते. पहिलं वाचन तसं, दुसरं शब्दकोश घेऊन. दुसऱ्या वाचनाशिवाय शब्द माझ्याजवळ राहत नाहीत.

तोक्यो, निशिकासाई

माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. वाचनालयात 'गाकुशू मांगा'चं मोठं कपाट असतं: जपानचा इतिहास, विज्ञान, थोरांची चरित्रं, सगळं मांगात आणि फुरिगानासकट. फुकट मिळतात, घरी आणता येतात. एन-3 च्या आसपास असलेल्या आयांनी हे जरूर आणावेत. निवेदनाच्या चौकटीत नीटस लेखी भाषा असते आणि फुग्यात बोली, एकाच पानावर दोन्ही वाचून होतात. शाळेच्या चिठ्ठ्या मला यामुळे जास्त लवकर वाचता यायला लागल्या.

पुणे, आयटीत दुभाषी

एक कळकळीची विनंती. मांगातलं वाचा भरपूर, तोंडात मात्र पारखून येऊ द्या. 'ओरे' (रांगडं 'मी'), 'ओमाए' (रांगडं 'तू'), वाक्याच्या शेवटी 'झे' किंवा 'झो' हे ग्राहकाच्या बैठकीत चालत नाही. 'किसामा' (अपमानकारक 'तू') तर सरळसरळ भांडण काढण्यासारखं आहे.

मांगातला म्हातारा प्राध्यापक स्वतःला 'वाशी' (मी) म्हणतो आणि वाक्य 'जा'ने संपवतो. श्रीमंत घरची मुलगी 'देसुवा' म्हणते. तोक्योतले खरे आजोबा तसं बोलत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ सातोशी किनसुई यांनी याला 'याकुवारिगो' म्हटलं, म्हणजे पात्राला नेमून दिलेली भाषा. हे कळल्यावर वाचनाची मजा दुप्पट होते: चेहरा न बघता, केवळ क्रियापदाच्या शेपटावरून कोण बोललं ते ओळखता येतं. माझ्या नव्या सहकाऱ्यांना मी ऑफिसात घडणारे मांगा सुचवतो. तिथे एकच माणूस साहेबाशी केइगोत (आदरार्थी भाषेत), मित्राशी साध्या रूपात आणि मनातल्या मनात तिसऱ्याच सुरात बोलतो, आणि हे सगळं दोन पानांत.

कोल्हापूर, फिजिओथेरपिस्ट, एन-3, जपानमध्ये रुग्णसेवेत जायचं आहे

मला इस्पितळातली भाषा हवी होती. शुहो सातो यांचा 'ब्लॅक जॅक नी योरोशिकु' हा शिकाऊ डॉक्टरवरचा मांगा त्यासाठी घेतला. 2012 मध्ये लेखकाने तो सर्वांना मुक्त वापरासाठी खुला केला, त्यामुळे पैसे न देता आणि कुणाचा हक्क न डावलता वाचता येतो. 'कांजा' (रुग्ण), 'शुजुत्सु' (शस्त्रक्रिया), 'केनशूइ' (शिकाऊ डॉक्टर) हे शब्द पानोपानी येतात. यादी करून पाठ केलेले शब्द मी विसरते, पण रुग्णाच्या बायकोला जिन्यात उभं राहून निदान सांगणारा डॉक्टर दिसला की त्याच्या तोंडचे शब्द विसरत नाही.

मोठ्यांच्या मांगांत फुरिगाना फारसे नसतात, तिथे एन-3 वाल्याचा वेग एकदम पडतो. मी फोनवर बोटाने कांजी काढून शोधते. हळू होतं, पण दहाव्यांदा तीच कांजी काढताना तिचे अवयव हातात बसलेले असतात.

आणि फुरिगाना असले तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'कारण' या अर्थाची 'रियू' ही कांजीजोडी लिहून शेजारी 'वाके' छापतात, 'होनकी' (मनापासून, खरोखर) लिहून 'माजी'. पात्र ते शेजारचं बोलतं, कांजी अर्थाची छटा दाखवते. परीक्षेत त्या कांजीचं वाचन विचारलं तर 'रियू' आणि 'होनकी' हेच बरोबर.

हिरोशिमा, एन-2

'हादाशी नो गेन' हा हिरोशिमावरच्या अणुबाँबचा मांगा घेणाऱ्यांसाठी. लेखक केइजी नाकाझावा स्वतः त्या बाँबमधून वाचलेले होते. 1973 मध्ये हा मांगा मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाला, त्यामुळे वाचायला फुरिगाना आहेत. अडतं ते बोलीवर. गेन या नायकाच्या घरी सगळे हिरोशिमाची बोली बोलतात: 'दाकारा' (म्हणून) ऐवजी 'जाकेन', 'दा' (आहे) ऐवजी 'जा'. वर दुभाष्या दादांनी सांगितलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या 'जा'शी याची गल्लत होते. इथे लहान पोरंही 'जा' म्हणतात, कारण या भागात तीच रोजची भाषा आहे. एन-3 पक्की असेल तरच घ्या, आणि पहिल्या खंडाचा शेवट वाचायला वेळ राखून ठेवा. 6 ऑगस्टची सकाळ तिथे आहे, तो भाग मध्येच थांबवता येत नाही.