व्हिक्टोरियन ‘कंट्री सर्जन’ला मराठीत काय म्हणावे?

मराठी अनुवादात ‘कंट्री सर्जन’साठी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधल्या गावच्या डॉक्टरसाठी, ‘शल्यविशारद’ हा पर्याय सुचवला गेला आहे. तो मला मान्य नाही, कारण त्यामुळे या माणसाचे आयुष्यच वाचकापुढे चुकीचे उभे राहते. ‘शल्यविशारद’ म्हटले की आपल्याला शस्त्रक्रियागृह आणि एकाच अवयवावर प्रभुत्व मिळवलेला तज्ज्ञ दिसतो, तर इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सर्जन हाड बसवणे, गळू कापणे, दात उपटणे, बाळंतपणे करणे आणि घरीच गोळ्या वळून देणे ही सगळी कामे करत असे. मुळात इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘हाताने केलेले काम’ असा ग्रीक अर्थ आहे. विद्यापीठाची पदवी घेतलेले फिजिशियन सर्जनला आपल्यापेक्षा खालचा मानत, त्यामागेही हाच हातकामाचा शिक्का होता. 1745 पर्यंत लंडनमध्ये न्हावी आणि सर्जन यांचा संघ एकच होता.

गिडिअन मँटेल यांचे उदाहरण घेतले तर मुद्दा स्पष्ट होईल. इग्वानोडॉन या डायनासोरचे दात ओळखणारे म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण त्यांचे पोट भरत होते ते ससेक्समधील ल्यूइस या गावच्या डॉक्टरकीवर. 1790 मध्ये एका चांभाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाने गावातल्याच सर्जनकडे पाच वर्षे उमेदवारी केली (इथे ‘प्रशिक्षण’पेक्षा ‘उमेदवारी’ हाच नेमका शब्द आहे), मग लंडनला शिक्षण पुरे करून 1811 मध्ये सर्जनची सनद घेतली आणि गावी परतून आपल्या गुरूबरोबरच भागीदारीत व्यवसाय सुरू केला. साथीच्या काळात दिवसाला पन्नासहून अधिक रुग्ण आणि वर्षाला दोनशे ते तीनशे बाळंतपणे, असा त्यांचा व्याप होता. त्यात शस्त्रक्रिया किती थोडी असेल, याचा विचार करावा. गुंगी आणणाऱ्या ईथरचा वापरही इंग्लंडमध्ये 1846 च्या अखेरीपासूनचा.

या व्यवसायात घर आणि दवाखाना वेगळे नसत, म्हणून कुटुंबाची कथाही त्याच शब्दात सामावलेली असते. मँटेल यांच्याशी 1816 मध्ये विवाह झालेल्या मेरी अ‍ॅन यांनी नवऱ्याच्या 1822 च्या ग्रंथातील जीवाश्मांची चित्रे स्वतः कोरली. पुढे ब्रायटनला गेल्यावर घराचे संग्रहालय झाले आणि रुग्ण मात्र आटले. 1838 मध्ये तो सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला चार हजार पौंडांना विकावा लागला, 1839 मध्ये मेरी अ‍ॅन घर सोडून गेल्या, 1840 मध्ये मुलगी हॅना वारली आणि थोरला मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला जाऊन स्थायिक झाला. मेरी अ‍ॅन यांच्याविषयी लिहिताना मराठीत फक्त ‘डॉक्टरांची पत्नी’ एवढेच म्हटले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

‘वैद्य’ हा शब्द आयुर्वेदाकडे नेतो, म्हणून तोही टाळावा. माझ्या मते ‘सर्जन’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात ‘औषधोपचार, बाळंतपणे आणि किरकोळ शस्त्रक्रिया करणारा गावचा डॉक्टर’ असा खुलासा करावा. हा व्यापक अर्थ आपल्याला अपरिचित नाही. जिल्हा रुग्णालयाचा संपूर्ण कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आपण ‘सिव्हिल सर्जन’ म्हणत आलोच आहोत, आणि ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे त्याचे सरकारी मराठी रूपही शस्त्रक्रियेपुरते मर्यादित नाही.

संबोधनाबाबत मात्र काटेकोर राहावे. मूळ मजकुरात सर्जनच्या नावाआधी ‘मिस्टर’ असेल तर त्याचे ‘डॉक्टर’ करू नये, कारण तो फरक त्या काळी प्रतिष्ठेचा होता आणि ब्रिटनमधील सर्जन आजही ‘मिस्टर’ म्हणवून घेतात. मँटेल यांच्या नावाआधी ‘डॉ.’ आढळले तर तेही तसेच ठेवावे. अमेरिकेतील येल विद्यापीठाने त्यांना एलएलडी ही मानद पदवी दिली होती, आणि ती कायद्याची होती.