अंदमानात आप्पांसाठी अर्ध्या दिवसाची मासेमारीची बोट, कशी ठरवू?

भुसावळकर:
आमचे आप्पा ६८ वर्षांचे. हतनूर धरणाच्या पाण्यात गळ टाकून त्यांची हयात गेली. मरळ लागली की अजून दोरा बोटावर गुंडाळून धरतात. समुद्र मात्र पाहिलेला नाही. फेब्रुवारीत स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) नेतोय. बोट फक्त आमच्यासाठी हवी. काय विचारून घेऊ?

तापीकाठ:
भो, आधी हे पक्कं कर: गळ, रीळ, आमिष, डिझेल, लाइफ जॅकेट भाड्यातच ना? आणि हवा बिघडली तर पैसे परत की तारीख बदलून? मी तोंडी ठरवलं नि ॲडव्हान्स गेला. व्हॉट्सॲपवर लिहून घे.

जळगावची ताई:
सकाळचीच वेळ घ्या, तिकडे सहाच्या आत उजाडतं. उलटीची गोळी बोटीत बसायच्या तासभर आधी द्या, डॉक्टरांना विचारून. माझ्या सासऱ्यांना मळमळल्यावर दिली, उपयोग झाला नाही.

तापीकाठ:
अजून एक. जायंट ट्रेव्हली या मोठ्या समुद्री माशासाठी जड आमिष सारखं लांब फेकावं लागतं, आप्पांचे खांदे भरून येतील. तळाशी गळ सोडून बसायचं सांग. मासा खडकाळ तळाकडून ओढतो तेव्हा बोटाला कळतं, ते त्यांना आवडेल.

भुसावळकर:
तळाचंच सांगतो. आप्पा आत्तापासून गळ घासून ठेवताहेत.