महाडच्या ठरावापासून आजच्या नगरपरिषदेपर्यंत: शाळेतल्या इतिहासाने वर्तमानाला हात घालावा का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मी रायगड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात आठवीला स्वातंत्र्यलढा, नववीला स्वातंत्र्योत्तर भारत आणि दहावीला इतिहासलेखन व उपयोजित इतिहास अशी ढोबळ मांडणी आहे. राज्यशास्त्र स्वतंत्र प्रकरणांत येते. एकाच पुठ्ठ्याच्या आत राहणारे हे दोन विषय एकमेकांना ओळखदेखील दाखवत नाहीत, आणि विसाव्या शतकाचा इतिहास आजच्या नागरी प्रश्नांना जोडूनच शिकवला पाहिजे असे माझे मत आहे. ते एका उदाहरणाने मांडतो.

चवदार तळ्याचा सत्याग्रह बहुतेक मुलांना २० मार्च १९२७ या तारखेपुरता ठाऊक असतो. वास्तविक त्यामागे आणि त्यापुढे ठराव, दावे आणि निकाल यांची लांब साखळी आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, असा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण ते कागदावर. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये तळे खाजगी असल्याचा दावा लावून मनाई हुकूम मिळवण्यात आला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख ‘राज्याच्या पैशातून राखलेले’ अशाच मुद्द्यावर आला, तेव्हा १९२३ च्या ठरावाची भाषाच जणू घटनेत पोहोचली.

माझा प्रस्ताव असा की हा धडा झाल्यावर मुलांनी आपल्या गावच्या नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा पाण्याविषयीचा एक ठराव मिळवावा, लागल्यास माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून, आणि तो कोणी मांडला, त्याची अंमलबजावणी झाली का व कोणापर्यंत झाली, हे तपासावे.

दप्तरखाना

धागाकर्त्यांनी तारखांऐवजी कागदपत्रांवर भर दिला याचे स्वागत आहे. प्रस्तावाला मात्र माझा विरोध आहे.

महाडचा प्रश्न पाणीपुरवठ्याचा नव्हता. तळ्यात पाणी होते, अन्य धर्मांचे लोक ते भरत होते आणि गुराढोरांनाही मज्जाव नव्हता. ते पाणी प्यायलो नाही म्हणून आजवर काही मेलो नाही, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, अशा आशयाची मांडणी डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ च्या परिषदेत केली होती. त्या संघर्षाच्या शेपटीला ‘आमच्या प्रभागात नळाला पाणी येते का’ असा स्वाध्याय बांधला, की माणूसपणाच्या लढ्याची नगरपरिषदेकडची तक्रार होते. तुमचा हेतू तसा नसेल, पण तेहतीस मिनिटांच्या तासिकेत हेतू टिकत नाहीत, स्वाध्याय टिकतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. १९३७ च्या निकालात अस्पृश्यता अन्यायाची आहे, असे उच्च न्यायालयाने म्हटलेले नाही. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. प्रथा सिद्ध झाली असती तर ती लोकहिताला बाधक ठरते का, हा प्रश्न न्यायालयाला हाताळावाच लागला नाही. माणसाला तळ्यावर जाता येईल की नाही हे ठरवताना जिथे प्रथेचे वय मोजले जाते, ते जग आजच्या चौदा वर्षांच्या मुलाला परके वाटलेच पाहिजे. इतिहासाच्या शिक्षकाचे पहिले काम ते परकेपण जपण्याचे आहे. वर्तमानाशी जोडण्याच्या घाईत आपण भूतकाळातील माणसांना आपल्यासारखाच विचार करायला लावतो, आणि मग मुलांना इतिहासात स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

मुळाकाठ

दप्तरखाना यांचा आक्षेप साधर्म्य शोधणाऱ्या शिक्षकाला लागू पडतो. जिथे सातत्यच आहे, तिथे तो लागू पडत नाही.

मुळशीचे उदाहरण घ्या. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील जमिनी घेतल्या गेल्या, त्याविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. पाठ्यपुस्तकी मजकूर फार तर इथवर येतो. परंतु ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनी गेल्या, तो कायदा दुरुस्त्यांसह २०१३ पर्यंत आपल्याकडे जिवंत होता. कोयनेचे लोक उठवले गेले तेव्हा तोच कायदा होता, आणि महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे मुळशीनंतर अर्धशतक उलटल्यावर. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट २०१३ च्या कायद्याने घातली. १९२१ च्या मावळ्याला संमती विचारण्याची तरतूदच नव्हती, हे शिकवल्याशिवाय ती अट मुलाला कशी कळणार? मुळशीचे पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे सोडले जाते. एकाच कायद्याचे शंभर वर्षांतील आयुष्य वाचणे, याला भूतकाळावर वर्तमान लादणे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या धड्यातून निसटू नये. मुळशीत शेतकरी आणि कंपनी अशी सरळ लढत नव्हती. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, मोबदला मिळाल्यावर त्यांचा कल बदलला आणि कसणाऱ्या मावळ्याच्या हाती फारसे उरले नाही. मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो की जमीन कसणाऱ्याला, हा वाद आजही प्रत्येक प्रकल्पात उभा राहतो. नववीच्या मुलांना तो समजतो, कारण त्यांतील अनेकांच्या घरी तो जेवणाच्या पानावर बोलला जातो.

आठवा_तास

वरील तिन्ही प्रतिसाद वाचताना शाळेचे वेळापत्रक कोणी पाहिले आहे का, असा प्रश्न पडला. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची लेखी परीक्षा असते. उरलेल्या महिन्यांत निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, स्पर्धा आणि दिनविशेष बसवायचे असतात. ठराव मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला तर उत्तराला कायद्यानेच तीस दिवसांची मुदत आहे. तोपर्यंत घटक चाचणी होऊन गेलेली असते.

पण माझा खरा विरोध वेगळ्या कारणाने आहे. महाड आणि मुळशी ही तुम्ही निवडलेली सोयीची उदाहरणे आहेत, कारण त्यांवर आज उघडपणे कोणी भांडत नाही. नववीत आणीबाणी शिकवावी लागते. जून १९७५ ते मार्च १९७७ हा काळ शिकवताना ‘याचा आजच्याशी संबंध लावा’ असे मी म्हटले, तर अर्धा वर्ग एका पक्षाचे नाव घेईल आणि अर्धा दुसऱ्याचे, दोन्ही बाजूंचे पालक मुख्याध्यापकांच्या दालनात येतील, आणि संस्थाचालक मला शांतपणे विचारतील की पुस्तकात जे नाही ते शिकवायला कोणी सांगितले होते. इथे धैर्याचे धडे देणाऱ्यांना माझी नोकरी करावी लागत नाही. शिक्षकाचे स्वतःचे मत लपून राहत नाही आणि मुलांवर त्याचे वजन पडते, हाही दोष मानलाच पाहिजे. तेव्हा जोडणी पालकांनी, वर्तमानपत्रांनी आणि वयाने करावी.

पाटीपेन्सिल

‘वयाने करावी’ हे मला मान्य नाही. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरा झाले, ते १९८९ मध्ये. नववीतील मूल मतदानापासून तीन-चार वर्षांवर असते. त्यातील अनेकांच्या आयुष्यात दहावीनंतर इतिहास हा विषय पुन्हा येणार नाही.

आणीबाणीविषयी मुळाकाठ यांनी दिलेली कसोटी उपयोगी पडते. आज कोण कोणासारखा वागतो, हा प्रश्न मी विचारणारच नाही, कारण त्याला वर्गात उत्तर नाही. मी नियमांचा माग काढायला लावेन. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. हंसराज खन्ना यांचा अपवाद वगळता, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क स्थगित राहू शकतो असे ठरवले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ हे कारण घातले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे बंधनकारक केले आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा एकविसावा अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाच्या प्रकरणात चुकीचा ठरवला. हे सारे कोणत्याही पक्षाचे नाव न घेता शिकवता येते, आणि पोलीस दारात आले तर काय विचारायचे हे त्यातून मुलाला कळते. वेळेच्या अडचणीवर उत्तर एवढेच की वर्षात एक धडा असा घ्यावा, सगळे नव्हेत. अर्ज जूनमध्येच टाकावा.

दप्तरखाना

सातत्याची कसोटी साधर्म्यापेक्षा बरी आहे, पण तीही फसवते. १९२४ ची महाड नगरपालिका आणि आजची नगरपरिषद यांचे नाव सारखे असले तरी संस्था एक नाही. त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर बेतलेला होता. ज्यांना तळे खुले करण्याचा ठराव झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो करणाऱ्यांना निवडण्याचा अधिकारच नव्हता, आणि तो रद्द झाला तेव्हा जाब विचारण्याचाही नव्हता. तुमचे मूल आजच्या नगरपरिषदेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून १९२७ चा ठराव वाचेल, तर त्याला वाटेल की लोकांनी पुढच्या निवडणुकीत त्या सदस्यांना पाडायला हवे होते.

मुळाकाठ

मग हाच प्रश्न वर्गात विचारा: त्यांना का पाडता आले नाही? या एका प्रश्नात प्रौढ मताधिकार येतो, राखीव जागा येतात आणि १९९३ पासून लागू झालेली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्तीही येते.

दुसरा_बाक

मी पालक म्हणून लिहिते. आमचे घर बौद्ध आहे आणि माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात महाडचा धडा सुरू झाला की आजही काही माना तिच्या बाकाकडे वळतात. धडा १९२७ मध्ये राहतो तोवर तिला निदान अभिमानाने मान वर ठेवता येते. ‘आता आपल्या गावात कोणत्या वस्तीला पाणी उशिरा येते ते शोधून आणा’ असे शिक्षकांनी म्हटले, तर ती वस्ती कोणती हे सगळ्या वर्गाला आधीच ठाऊक आहे, आणि माझी मुलगी क्षणात विद्यार्थिनी न राहता पुरावा होऊन बसते. इथे इतिहासाच्या परकेपणावर आणि कायद्याच्या सातत्यावर इतकी चर्चा झाली, पण वर्गात बसलेली मुले सारख्या अंतरावरून हा इतिहास पाहत नाहीत, याचा उल्लेख एकानेही केला नाही.

वर्तमानाशी जोडू नका, असे मी म्हणत नाही. न जोडण्याचा फायदा कोणाला होतो हे मला चांगले कळते. पण जोडणीचा भार कोणाच्या खांद्यावर पडेल, हे आधी ठरवा.

पाटीपेन्सिल

आपला आक्षेप प्रस्तावाच्या मुळाशी जातो, म्हणून स्वाध्यायाचे स्वरूप येथे स्पष्ट करतो. वस्तीची पाहणी, घराघरांतील नोंदी किंवा स्वतःच्या कुटुंबाचा अनुभव यांपैकी काहीही कोणाकडूनही मागितले जाणार नाही. सर्व मुले, कोणत्याही घरातली असोत, नगरपरिषदेचा तोच एक कागद वाचतील, आणि प्रश्न कार्यालयाला विचारले जातील: ठराव केव्हाचा, खर्च किती, जलवाहिनी कुठून सुरू होऊन कुठे थांबते, आणि ती तिथेच का थांबते याचे कारण कागदावर लिहिले आहे का. उत्तर देण्याची जबाबदारी वर्गातील कोणा मुलीची नसून सही करणाऱ्याची आहे.

राज्यातील बहुतेक महापालिका आणि अनेक नगरपरिषदा २०२२ नंतर काही वर्षे निवडून आलेल्या सदस्यांशिवाय प्रशासकाच्या हाती होत्या. त्या वर्षांतील कागद मिळाला, तर ठराव मांडणारा आणि अनुमोदन देणारा अशी दोन नावे जिथे असायची तिथे एकाच अधिकाऱ्याचे पदनाम आढळेल. दप्तरखाना यांनी मताधिकाराविषयी जे लिहिले, ते मी त्या कागदाशेजारी १९२४ चा ठराव ठेवून शिकवेन.