जिमी क्लिफ, सॅम मूर, स्टीव्ह क्रॉपर: बेंजोवाल्यांना घेऊन कसं वाजवावं?

मिऱ्याबंदर
रत्नागिरीत तासाभराचा कार्यक्रम ठरतोय. सॅम मूर (निधन १० जानेवारी २०२५), जिमी क्लिफ (२४ नोव्हेंबर २०२५) आणि स्टीव्ह क्रॉपर (३ डिसेंबर २०२५) यांची गाणी, शिवाय लिटल रिचर्डची दोन. ताफ्यात गिटार, बेस, बेंजो पार्टीतले कीबोर्डवाले आणि ड्रमर, लग्नाच्या बँडमधला एक ट्रंपेट आणि एक अल्टो सॅक्सोफोन. कॉर्ड सगळ्यांना येतात. पण स्का (जमैकाचं, रेगेच्या आधीचं नाचाचं संगीत) घेतलं की थोड्याच वेळात सगळं उलटं होतं आणि सोल (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं गायनप्रधान संगीत) थेट वरातीसारखं ऐकू येतं. पट्टी कोणती धरावी तेही सांगा.

समेवर_या
उलटं होतं म्हणजे सम सरकते. एक-आणि-दोन-आणि असं मोजलंत, तर स्कामध्ये गिटार आणि पियानो फक्त 'आणि'वर येतात. तोच आवाज सगळ्यात टोकदार, म्हणून केरव्यात मुरलेला हात थोड्या वेळाने त्यालाच सम धरतो. सम सांभाळायची बेसने: दर मात्रेला एक स्वर, कॉर्डच्या स्वरांवरून चालत जायचं, एकही मात्रा गाळायची नाही. ड्रमरने किक आणि स्नेअरच्या कडेवरची काठी दोन आणि चारवर एकदम द्यायची. एकवर किक नको. बेंजोतली सवय नेमकी इथेच आडवी येते. आधी बेस आणि ड्रम दोघांनीच १२०च्या लयीत पाच मिनिटं वाजवावं, मग गिटारने शिरावं.

गिटारचा फटका खालून वर, बारीक तीन तारांवर. लगेच डाव्या हाताचा दाब सोडा, पण बोटं तारेवरच राहू देत. कॉर्ड रेंगाळली की धार गेली. क्लिफची साठच्या दशकाच्या सुरुवातीची, निर्माता लेस्ली काँगसाठी केलेली रेकॉर्डिंग स्काची आहेत. लय तिथून घ्या, नंतरच्या रेगेतून नको.

काळीपाच
गिटारवाल्यांना पांढरी तीन (E) आवडते, कारण मोकळ्या तारा मिळतात. पण त्या पट्टीत ट्रंपेटवाल्याला सहा शार्प (चढे स्वर) लागतात आणि अल्टोवाल्याला सात! बेसूर होणारच, त्यांना दोष देऊ नका. पांढरी चार (F) घेतलीत तर ट्रंपेटला एक आणि अल्टोला दोन, काळी पाचमध्ये (B फ्लॅट) ट्रंपेटला शून्य आणि अल्टोला एक. गिटारला बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धराव्या लागतील, पण मोकळी तार वाजतच नसल्याने स्कासाठी ते उलट सोयीचंच.

कीबोर्डचं ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करायचं बटण) शून्यावर आहे का ते आधी बघा. मागच्या गायकासाठी चढवलेलं तसंच राहिलेलं असतं. आणि पितळी वाद्य फुंकून गरम झालं की सूर चढतो, म्हणून दहा मिनिटं वाजवल्यावरच मिळवा. चढल्यास ट्रंपेटची नळी किंचित बाहेर ओढा.

तारवाला
वरातीसारखं होतं कारण सगळे अखंड वाजवतात. क्रॉपर मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत तिथल्या बँडबरोबर, म्हणजे बुकर टी. अँड द एम.जी.'ज बरोबर वाजवायचा तेव्हा निम्मं काम गप्प राहण्याचं असे. दोन आणि चारवर स्नेअरसोबत आखूड कॉर्ड, बस. विल्सन पिकेटच्या १९६५च्या 'इन द मिडनाइट अवर'मध्ये हे दोन ठोके केसभर उशिरा पडतात. निर्माता जेरी वेक्सलरने तेव्हाचा 'जर्क' नाच करून दाखवला, त्यातून ते आलं. ड्रमरला 'हळू वाजव' सांगू नका, लय पडेल. फक्त स्नेअर मागे रेलू दे.

सॅम अँड डेव्हच्या (सॅम मूरची जोडी) गाण्यांत दोन गायकांचा सवाल-जवाब असतो, त्यावर ट्रंपेट-सॅक्सने पूर्ण चाल वाजवली की खिचडी. ओळ संपल्यावर दोन-तीन आखूड स्वर. वर ट्रंपेट, खाली अल्टो, आणि दोघांनी एकाच क्षणी तोडायचं. सुरू एकत्र सगळेच करतात, थांबताना फाटतं.

मिऱ्याबंदर
आभार. लिटल रिचर्डचं?

समेवर_या
कीबोर्डवाल्याने उजव्या हाताने दर चार मात्रांत आठ सारखे ठोके द्यायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ड्रमरने झुलती लय धरली तर दोघांची ओढाताण होते, तेव्हा त्यालाही सरळ आठच वाजवायला सांगा.

तारवाला
उघड्यावर, मांडवीच्या बाजूला असेल तर तारा आदल्या दिवशी बदला आणि प्रत्येक गाण्यानंतर सुक्या फडक्याने पुसा. खाऱ्या वाऱ्यात आधी बारीक तीन तारा गंजतात, आणि स्काचं सगळं त्यांच्यावरच. गायक ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ला गेला, त्यानंतर क्रॉपरने त्याच्या 'डॉक ऑफ द बे' गाण्यावर लाटांचा आवाज चढवला. तुम्हाला तो तिथे फुकट मिळेल.