अंधार हाही त्या रंगाचाच भाग

अजिंठ्याची चित्रं म्हणजे राजेलोकांच्या पैशातून झालेली सजावट, त्यात अध्यात्म आपण नंतर घुसडलं, असं काही जण म्हणतात. पैसा राजेलोकांचा आणि श्रीमंतांचा होता हे मान्य, पण म्हणून ती नुसती सजावट ठरत नाही. पहिल्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात तसा भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर येतो, खाली झुकलेली नजर, हातात निळं कमळ. त्या लेण्यात निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द, म्हणजे कुटून रंग करायचा निळा दगड, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. बाकीचे गेरू, पिवळी माती वगैरे रंग साधे, आणि हे सगळं माती, भुसा, गवत यांच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन, तोही सुकल्यावर रंगवलेलं, म्हणजे ओल्या चुन्यावरचं काम नाही.

मला खरं हलवलं ते त्याच लेण्याच्या गाभाऱ्यानं. तिथल्या धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतल्या, म्हणजे उपदेश देतानाच्या हातांच्या ठेवणीतल्या, बुद्धमूर्तीवर गाईडने एका बाजूने दिवा धरला तर चेहरा गंभीर, दुसऱ्या बाजूने धरला तर ओठांवर हसू, समोरून धरला की एकदम शांत. आई शेजारी उभी होती, तिने न बोलता हात जोडले. फोटोत हे येतच नाही हो, सगळीकडे सारखा उजेड असतो. जमलं तर सकाळी गर्दीच्या आधी जा आणि त्या अंधारात दहा मिनिटं नुसते बसा.