सेसना १७२ एस : नाक टेकताच पुढचे चाक थरथरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विमान (चार आसनी, एका इंजिनाचे) गोव्यात, समुद्राजवळच्या हँगरमध्ये असते. मागची चाके नीट टेकतात, पण नाक खाली आले की साधारण ४० नॉटला (ताशी ७४ किमी) पुढचे चाक थडथडते, पॅनेलवरचे आकडे वाचता येत नाहीत. टेकऑफच्या धावेत काही नाही. टायर ५.००-५, हवा ४५ पीएसआय, चाक बॅलन्स केलेले. शिमी डॅम्पर (चाकाची थरथर शोषणारी तेलाची नळी) बदलावा का? देव बरे करो.

उत्तर १ : इतक्यात नको. डॅम्पर थरथर फक्त दाबतो. ती सुरू होते बहुधा टॉर्क लिंकच्या (चाक सरळ धरणारा कात्रीसारखा सांधा) झिजलेल्या बुशांतून. शेपटीकडे वजन देऊन नाक उचला (आडव्या स्टॅबिलायझरवर जोर नको, पत्रा दबतो). टायर दोन्ही हातांनी धरून हलवा आणि नजर लिंकच्या मधल्या बोल्टवर ठेवा. तिथे खट् खट् जाणवले तर बुश, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), बोल्ट एएमईकडून (परवानाधारक विमान-देखभाल अभियंता) बदलून घ्या. मग डॅम्परचे एक टोक सोडून दांडा आत-बाहेर करा. विरोध सलग हवा. मध्येच मोकळा सुटला तर आत हवा शिरली आहे, लाल ५६०६ हायड्रॉलिक तेल भरून ती काढावी लागेल.

नाक वर असतानाच स्ट्रटही (चाकाचा धक्का झेलणारा पाय) पाहा. त्याचाही दाब ४५ पीएसआयच, पण चाकावर भार नसताना मोजायचा. खाऱ्या वाऱ्याने स्ट्रटच्या क्रोम दांड्यावर खड्डे पडतात, ते ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) कापतात आणि स्ट्रट बसतो. पावसाळ्यात क्रोम रोज त्याच ५६०६ तेलाच्या फडक्याने पुसा.

उत्तर २ : टेकऑफच्या धावेत योक (विमानाचे स्टिअरिंग) मागे ओढलेले असते, नाक हलके राहते. उतरल्यावर योक सोडून ब्रेक मारला की सगळा भार पुढे. पूर्ण फ्लॅप्सवर (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली) ७५ नॉटने आलात तर विमान नाकावरच धावते, हातगाडीसारखे. ६१-६५ ठेवा, नाक आपणहून उतरू द्या.

दुपारचा वायव्येचा वारा विसरू नका. दाबोळी विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर (दिशा २६० अंश) ३१० अंशांवरून १२ नॉट म्हणजे आडवा घटक ९ नॉट. तेव्हा रडरचे पेडल (पुढचे चाकही त्यानेच वळते) दाबलेले असते, आणि तसेच नाक टेकले तर चाक तिरके होऊन झटका बसतो. टेकण्याच्या क्षणी पेडल मध्यावर, एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या पट्ट्या, योकने वळणाऱ्या) वाऱ्याकडेच.

थरथर सुरू झालीच तर ब्रेक सोडा, योक पोटाशी घ्या.