'शिक्षक नेतृत्व' म्हणजे कुठल्या संघटनेचं? आणि 'मुख्याध्यापक'चा समास कोणता?

प्रश्न
शाळांसाठीच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठी करतेय. त्यात 'टीचर लीडरशिप' पानोपानी आहे. हातात पद नसताना एखादी शिक्षिका पुढे होते, आपल्या वर्गाबाहेरचंही काही सुधारते, मुख्याध्यापक तिला मोकळीक देतात, अशा अर्थाने. सरकारी कागदांतला 'शिक्षक नेतृत्व' मी उचलला होता. वडिलांना (निवृत्त गुरुजी) वाचून दाखवला तर म्हणाले, "कुठल्या संघटनेचं?" दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
वडिलांचं बरोबर आहे. 'शिक्षक नेते' म्हटलं की मोर्चा, निवेदन आणि जुनी पेन्शन डोळ्यांपुढे येते. विधान परिषदेत शिक्षकांचे ७ मतदारसंघ आहेत, त्यांच्या निवडणुकांच्या बातम्यांनी हा अर्थ पक्काच करून टाकलाय. मूळ धातू 'नी', नेतो तो नेता. पण शब्द काही धातूला विचारून चालत नाहीत. 'पुढारी'चंही तेच झालं. 'म्होरक्या' तर टोळीचाच असतो. माझं मत 'पुढाकार'ला. नेतृत्व कुणीतरी सोपवतं, पुढाकार आपला आपण घेतो. तुम्हाला हवी ती छटा तिथेच आहे.

प्रतिसाद
'धुरीण' कसा वाटतो? धुर् म्हणजे जू, ते मानेवर घेऊ शकतो तो धुरीण.

प्रतिसाद
मग तो मुख्याध्यापकांसाठीच राखून ठेवा.

प्रतिसाद
जू माझ्याच मानेवर आहे म्हणून लिहितो. द्विशिक्षकी शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे 'चार्ज माझ्याकडे आहे' असंच म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वेगळा मुख्याध्यापक येतो तो १५० च्या वर मुलं असली तर. आमच्यासारख्या शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षक वर्ग सांभाळून चार्ज सांभाळतो.

शाळेचा शिक्का करायला टाकला तर 'मुख्यध्यापक' असा कोरून आला. परत नेला. मुख्य + अध्यापक, अ आणि अ मिळून आ. दुकानदार म्हणाला, सगळ्यांना असाच देतो, कुणी परत आणत नाही.

पण माझं दुखणं काना नाही, समास आहे. 'मुख्याध्यापक' हा कर्मधारय: मुख्य असा अध्यापक. म्हणजे आधी अध्यापक. हल्ली तो 'अध्यापकांचा मुख्य' असा तत्पुरुषासारखा वापरतात, आणि 'शाळाप्रमुख' आला की अध्यापक शब्दातूनही गेला. परवाचंच सांगतो. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. फळ्यावर ७२ भागिले ४ मांडलं. ७ मध्ये ४ एकदा, उरले ३. २ खाली घ्यायच्या आत फोन: पोषण आहाराची आजची संख्या भरली नाही. ती भरेपर्यंत दाखल्यासाठी पालक दारात. मग यू-डायसची, म्हणजे शाळेच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, दुरुस्ती. दुपारी व्यवस्थापन समितीची सभा, तिचा सचिव मीच. ते ३ संध्याकाळपर्यंत फळ्यावर तसेच उरलेले.

पुढाकाराचं म्हणाल, तर पहिली-दुसरीच्या आमच्या बाईंनी दोन्ही वर्गांची मुलं वयाप्रमाणे न बसवता वाचता येतं त्याप्रमाणे बसवली. मी फक्त 'करा' म्हणालो आणि शनिवारी त्यांची उरलेली मुलं माझ्या वर्गात घेतली. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत त्यांनी ते करून दाखवलं. गावात याला कुणी नेतृत्व म्हणत नाही. 'बाईंनी मनावर घेतलं' म्हणतात.

प्रतिसाद
'मनावर घेणं' झकास! पण पुस्तिकेच्या मथळ्यात कसं बसवणार? अवांतर: 'हेडमास्तर'मधला मास्तर इंग्रजीतून आला, 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून, आणि दोघांचं मूळ एकच लॅटिन. आमच्या शाळेत मात्र हेडमास्तर वगैरे काही नव्हतं, 'मोठ्या बाई'. शाळेला अकरावी-बारावी जोडली आणि दारावर 'प्राचार्या' अशी पाटी लागली, तरी त्या मोठ्या बाईच राहिल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, नेतृत्वाचं आणि व्यवस्थापनाचं. मोठ्या बाई ते गॅलरीत उभ्या राहून नुसत्या बघण्यावर भागवायच्या.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मथळ्यात 'शिक्षकांचा पुढाकार' घेते. 'टीचर लीडर'साठी 'पुढाकार घेणारे शिक्षक'. लांबडं आहे, पण वडिलांनी संघटना विचारली नाही. 'मनावर घेणं' आतल्या उदाहरणांत येईल. 'शाळाप्रमुख' मी सगळीकडून काढून 'मुख्याध्यापक' केलंय, बघू छापणारे ठेवतात का. पहिल्या प्रुफात दोन ठिकाणी 'मुख्यध्यापक' आहे.